सल्ला हवा: नेल्सन एफसीचा कोणता हंगाम निवडू? (भेटवस्तू, बजेट ५० पौंड)

पेंडलकर: नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या बर्नलीला राहतो. शेजारचे इंग्रज आजोबा डिसेंबरात ऐंशी पूर्ण करतायत. माझ्या मुलीला सायकल त्यांनी शिकवली, मी आजारी असताना दारातला बर्फ त्यांनी उपसला. त्यांचं मूळ गाव नेल्सन. वडील कापड गिरणीत विणकर आणि नेल्सन एफसीचे कट्टर पाठीराखे. हा क्लब १९२१ ते १९३१ एवढाच काळ फुटबॉल लीगमध्ये होता. एक वर्ष दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, बाकी सगळी तिसऱ्याच्या उत्तर गटात. त्यातल्या एखाद्या हंगामाची आठवण देणारी वस्तू द्यायची आहे. कोणता हंगाम, आणि काय घेऊ? ५० पौंडांच्या वर एक पेनी जाणार नाही.

लीड्सचा_नाना: डोळे मिटून १९२२-२३! उत्तर गटाचं अजिंक्यपद. तेव्हा प्रत्येक गटातून फक्त पहिला क्लब वर जायचा. प्लिमथ अर्गाइल दक्षिण गटात १९२२ ते १९२७ सलग सहा वर्षं दुसरे आले आणि दर वेळी तिथेच राहिले. नेल्सनने मात्र दुसऱ्याच वर्षी बाजी मारली आणि नंतर स्पेनला जाऊन रेआल माद्रिदला ४-२ हरवलं. मूळ मॅच प्रोग्रॅम, म्हणजे सामन्याच्या वेळी विकायची ती छापील पुस्तिका, घ्या. मी त्याच दशकातला हडर्सफील्डचा घेतलाय, २२० पौंडांना. काच लावून दिवाणखान्यात टांगलाय, पाहुण्यांची नजर आधी तिथेच जाते.

वैशाली_प्रेस्टन: नाना, त्यांनी ५० म्हटलंय. आणि खालच्या डिव्हिजनचे त्या काळातले प्रोग्रॅम मिळतात कुठे? महायुद्धात घरोघरची रद्दी गोळा केली गेली, त्यात ढिगाने गेले. मी यजमानांसाठी 'मूळ' म्हणून ऑनलाइन घेतला तो नक्कल निघाला. पिनांवरचा गंजसुद्धा छापलेला! बोट फिरवून बघा, गंज हाताला लागला पाहिजे. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत ते नाहीतच.

कोल्हापूरचा_गोली: नेल्सन कशाला? ट्रॅनमियर रोव्हर्स घ्या! २६ डिसेंबर १९३५, ओल्डहॅमला १३-४ ने हाणलं. बनी बेलचे एकट्याचे नऊ गोल, वर एक पेनल्टी हुकवली. आदल्याच दिवशी ओल्डहॅमने त्यांना ४-१ ने हरवलं होतं. चार महिन्यांच्या आत लूटनच्या जो पेनने ब्रिस्टल रोव्हर्सवर दहा मारले आणि बेलचा विक्रम गेला. शाहू स्टेडियमवर मी पेठेपेठेची चुरस बघितलीय, पण असा आठवडा आमच्याकडेही झाला नाही.

पेंडलकर: अहो भाऊ, आजोबा नेल्सनचे आहेत. ट्रॅनमियर त्यांना काय कामाचं?

माधव_साल्फर्ड: १९२३-२४ घ्या. दुसऱ्या डिव्हिजनमधलं ते एकच वर्ष, पण मार्च १९२४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं. नंतर खाली घसरले, ते सोडा. इकडे सगळे युनायटेडवाले आहेत, आजोबांना ऐकवायला होईल.

सिगारेट_कार्डवाला: सिगारेटच्या पाकिटातली कार्डं बघा. १९३० च्या दशकातला पन्नासचा संच बजेटमध्ये बसतो. माझ्याकडे अकरा संच आहेत.

वैशाली_प्रेस्टन: त्यात बहुतेक पहिल्या डिव्हिजनचे मोठे खेळाडू. नेल्सनचा कोण सापडणार?

क्रिकेटवेडा: नेल्सन म्हणजे वेस्ट इंडिजचा लियरी कॉन्स्टंटाइन! १९२९ पासून नऊ मोसम तो तिथे व्यावसायिक म्हणून खेळला, त्यांपैकी सात वेळा नेल्सन लँकेशायर लीग जिंकलं. फुटबॉल क्लब बुडत होता तेव्हा शेजारच्या क्रिकेट मैदानावर माणसं मावत नव्हती. क्रिकेटचंच काहीतरी द्या.

आंबेगावकर: क्लब बुडाला तो आपल्या बहिष्काराने. १९३०-३१ चा हंगाम चालू असताना, १२ डिसेंबर १९३० ला, आमच्या तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू काळबादेवीला विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. लँकेशायरचे माग बंद पडले, तिकीट कोण काढणार?

बोल्टनची_सुनंदा: बाबू गेनूबद्दल आदर आहेच, पण नेल्सनचा हिशेब वेगळा. भारतासाठी धोतरं विणायचं ते ब्लॅकबर्न. बहिष्काराचा मोठा फटका तिकडे. नेल्सनमध्ये तलम कापड जास्त. त्यांना जगभरच्या मंदीने गाठलं.

पेंडलकर, मुद्द्याचं सांगते. वाचनालयात जुनी स्थानिक वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर असतात का ते फोन करून विचारा. एका हंगामाचे सगळे वृत्तांत काढा, जाड कागदावर छापा, बांधून घ्या. स्थानिक पत्र आठवड्याचं, म्हणून शनिवारच्या सामन्याचा वृत्तांत पुढच्या आठवड्याच्या अंकात बघा. तारखांची यादी करूनच जा, नाहीतर दिवस जातो. बजेटमध्ये आरामात बसेल.

लीड्सचा_नाना: म्हणजे १९२२-२३ चे वृत्तांत. मी तेच म्हणत होतो.

माधव_साल्फर्ड: सुनंदाताईंना +१. बांधून घ्या. पण १९२३-२४.

पेंडलकर: सर्वांचे आभार. वृत्तांतांची वही करतोय. हंगाम १९३०-३१.

लीड्सचा_नाना: अहो, तो तर तळाचा! बाहेरच्या मैदानांवरचे २१ च्या २१ सामने हरले, शंभरावर गोल खाल्ले. ऐंशीव्या वाढदिवसाला असलं कोणी देतं का?

पेंडलकर: नाना, आजींना हळूच विचारलं. आजोबांचे वडील १९३० मध्ये चौदाव्या वर्षी गिरणीत लागले आणि स्वतःच्या पगारातून तिकीट काढून नेल्सनच्या सीडहिल मैदानावर गेले ते याच हंगामात. अजिंक्यपदाच्या वेळी ते लहान पोर होते, त्यांना ते आठवतही नव्हतं. मुलाला आयुष्यभर गोष्टी सांगितल्या त्या या हरलेल्या सामन्यांच्या. मैदानावरून आता एम६५ महामार्ग गेलाय, क्लबला लीगमध्ये परत जागा मिळाली नाही. मग त्यांनी पाहिलेलंच द्यायला हवं.

माधव_साल्फर्ड: माझं मत अजून १९२३-२४.

बोल्टनची_सुनंदा: हंगाम संपल्यानंतरचे अंकही काढा. तळाच्या दोघांना लीगमध्ये टिकायला पुन्हा मतं मागावी लागायची; नेल्सनची जागा चेस्टर क्लबला गेली ती बातमी हवीच.

पेंडलकर: यादीत घातली, ताई. बाइंडर कापडी पुठ्ठ्याचे ३८ सांगतोय, छपाई बाराच्या आत बसवतो.