स्केल मॉडेलच्या किटमधले उरलेले भाग : काय ठेवावे आणि कसे लावून ठेवावे?

बिनचाकी_विमान

नमस्कार. गेली बारा वर्षे मी प्लॅस्टिकची मॉडेल जोडतो आहे. बहुतेक १/४८ प्रमाणातली विमाने, अधूनमधून १/३५ चा एखादा रणगाडा. प्रत्येक किटमध्ये काही ना काही उरतेच, कारण कंपन्या एकाच विमानाचे तीन-चार प्रकार काढताना बरेचसे स्प्रू (भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी) तेच वापरतात आणि आपल्याला नको असलेल्या प्रकाराचे भागही खोक्यात येऊन पडतात. मिग-२१ जोडून झाले, की क्षेपणास्त्रे, रॉकेटच्या नळकांड्या, इंधनाच्या टाक्या असे इतके शिल्लक राहते, की वाटावे दुसरे अर्धे विमान यातूनच उभे राहील. हे सारे मी रिकाम्या खोक्यांत तसेच टाकत आलो. आता माळ्यावर असे एकवीस खोके आहेत आणि दिवाळीच्या साफसफाईच्या निमित्ताने ही अडगळ नेमकी कशासाठी, अशी घरातून विचारणा झाली आहे.

मला उत्तर देता आले नाही. गेल्या महिन्यात एका मिगचे पुढचे चाक चिमट्यातून निसटले, फरशीवर दोनदा उडाले आणि कपाटाखाली गेले. कपाट सरकवल्यावर कॅरमचा एक स्ट्रायकर आणि केसांचे दोन आकडे मिळाले, चाक नाही. आधीच्या एका मिगला मी रेझिनची चाके लावली होती, म्हणजे त्या किटचे मूळचे चाक माळ्यावर नक्की आहे. पण कोणत्या खोक्यात, ते ठाऊक नाही. सात खोके उपसून मी नाद सोडला. ते विमान आज नाकाखाली काडेपेटी घेऊन उभे आहे.

जाणकारांना विचारायचे ते असे, की हे भाग किटनुसार ठेवावेत की प्रकारानुसार? स्प्रूवरून कापून ठेवावेत की तसेच राहू द्यावेत? आणि टाकून काय द्यावे?

जुना_डबा

आपल्या काडेपेटीतच आपले उत्तर आहे. आपण चाक शोधत होता, किट शोधत नव्हता. भागाची गरज पडते तेव्हा मनात नेहमी वस्तू असते, म्हणून मांडणीही वस्तूनुसार हवी. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू-वॉशर ठेवायचे छोट्या खणांचे जे प्लॅस्टिकचे कपाट मिळते, ते यासाठी उत्तम. आधी प्रमाण वेगळे करावे, म्हणजे १/७२ चे खण वरच्या रांगांत आणि १/४८ चे खालच्या, आणि मग प्रत्येकात चाके, पायलॉन (पंखाला शस्त्रे अडकवायचे आधार), टाक्या, आसने, अँटेना असे भाग लावावेत. खणावर चिठ्ठी हवीच. “किरकोळ” असे लिहिलेला खण मात्र ठेवू नये. माझ्याकडे होता, आणि वर्षभरात बाकीचे खण रिकामे राहून सगळे त्या एकात जाऊन बसले.

कापावे की नाही, याला माझे उत्तर दोन प्रकारचे आहे. टाक्या आणि बॉम्ब खुशाल कापावेत. बारीक भागांना मात्र दोन्ही बाजूंनी बोटभर स्प्रू राहू द्यावा, कारण भागाचा क्रमांक स्प्रूवर असतो, भागावर नसतो. शिवाय दोन मिलिमीटरचा अँटेना सुटा झाला, की तो खणाच्या कोपऱ्यात शिरतो आणि चिमट्यानेही निघत नाही. स्प्रूच्या अक्षराचा टॅब कापून त्याच पिशवीत टाकला आणि जोडणीचे सूचनापत्रक जपून ठेवले, तर पाच वर्षांनीही तो भाग कोणाचा, ते कळते. न वापरायचे भाग बहुतेक पत्रकांत वेगळ्या रंगात दाखवलेले असतात, त्यामुळे किट जोडायला घेण्यापूर्वीच ते बाजूला काढता येतात.

एक सावधगिरी. रणगाड्याचे मऊ, रबरासारखे व्हिनाइलचे पट्टे आणि तशाच मऊ प्लॅस्टिकचे टायर यांना पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे किटच्या नेहमीच्या कडक प्लॅस्टिकच्या, भागांना टेकून कधीही ठेवू नये. त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि शेजारच्या कडक प्लॅस्टिकला विरघळवते.

शमशेर_४८

वरच्या प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, पण शस्त्रांच्या बाबतीत निव्वळ प्रकारानुसार मांडणी पुरत नाही. “क्षेपणास्त्रे” या एकाच खणात सोव्हिएत, फ्रेंच आणि अमेरिकी सगळी एकत्र पडली, तर त्यांचे छोटे पंख मोडतात आणि ओळखही पुसते. मी ती देशानुसार लावतो, आणि त्याला कारण आपले हवाई दल आहे. १९७९ पासून आलेली आपली जॅग्वार विमाने फ्रेंच मॅजिक क्षेपणास्त्रे पंखांच्या वरच्या बाजूला वाहत आली आहेत. पंखाखालच्या जागा बॉम्ब आणि टाक्यांसाठी मोकळ्या राहाव्यात, म्हणून ही व्यवस्था. जॅग्वारच्या परदेशी किटमध्ये त्या जागी लावायला योग्य क्षेपणास्त्र नसले, तर मिराज २००० च्या किटमधून उरलेले मॅजिक कामाला येते. भारतीय खुणांची विमाने करणाऱ्या माणसाला सरळ खोक्यातून सगळे क्वचितच मिळते, आणि हवा तो भाग बाहेरून मागवायचा, तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून भागापेक्षा महाग पडतात. म्हणून आपली अडगळ ही आपल्यापुरती तरी अडगळ नव्हे, असे घरी सांगता येईल. पटेलच, याची खात्री देत नाही.

जुन्या ढिगातला एखादा भाग कोणत्या प्रमाणाचा आहे, ते कळत नसेल तर अंदाज बांधू नये, मोजावे. मॅजिकची खरी लांबी २.७२ मीटर आहे. म्हणजे १/७२ मध्ये ते सुमारे ३८ मिलिमीटर भरते आणि १/४८ मध्ये ५७. माणसाच्या आकृतीचे तर आणखी सोपे आहे. १७५ सेंटिमीटर उंचीचा माणूस १/७२ मध्ये २४ मिलिमीटरचा, १/४८ मध्ये साडेछत्तीसचा आणि १/३५ मध्ये बरोबर ५० चा होतो. पट्टी खणाजवळच दोऱ्याने बांधून ठेवावी. माझी तशी आहे.

सागरकाठी

मी रत्नागिरीत राहतो, त्यामुळे माझी चिंता प्लॅस्टिकपेक्षा डिकलची, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांची, आहे. प्लॅस्टिकला आमच्या पावसाळ्याचे काही वाटत नाही. डिकलचा गोंद मात्र पाण्यानेच सुटणारा असतो, आणि हवेतला ओलावाही त्याला पुरतो. उरलेले कागद एकावर एक ठेवले, की जून ते सप्टेंबरमध्ये ते एकमेकांना धरतात आणि सोडवताना खुणा निघून येतात. प्रत्येक कागद स्वतंत्र झिप-पिशवीत, मध्ये बटर पेपर आणि सोबत सिलिका जेलची पुडी, असा माझा परिपाठ आहे. पुडी रंग बदलणारी घ्यावी, म्हणजे ती कधी भरली ते दिसते.

पिवळे पडलेले डिकल टाकू नयेत. पिशवीत बंद करून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवले, तर काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. हे अर्थातच मे महिन्यात करावे, जुलैत नव्हे. जुना कागद तडकेल अशी शंका असेल, तर आधी त्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्यावा आणि वाळल्यावर प्रत्येक खूण तिच्या कडेने कापून घ्यावी. कारण लॅकरनंतर सगळ्या कागदावर एकच सलग पापुद्रा झालेला असतो आणि न कापता भिजवल्यास सगळे एकदमच सुटून येते.

कॅनपीसारखे (वैमानिकाच्या डोक्यावरचे काचेसारखे छत) पारदर्शक भाग इतरांत मिसळू नयेत. एकदा चरा पडला, की तो घासून काढण्यात अख्खी संध्याकाळ जाते. मऊ टिश्यूत गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवावेत. पितळी पत्र्याचे कोरीव भाग दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवावेत.

जुना_डबा

टाकायचे काय, हा प्रश्न राहिला. भाग काढून घेतलेले रिकामे स्प्रू आपण सगळे ठेवतो आणि ते सगळे लागत नाहीत. एक मूठभर पुरतात. त्यांचे बारीक तुकडे करून पातळ सिमेंटच्या (मॉडेल जोडायच्या, प्लॅस्टिक विरघळवणाऱ्या गोंदाच्या) पाव भाग उरलेल्या बाटलीत टाकले, की रात्रभरात मधासारखा दाट रस होतो आणि तो फटींत पुट्टी म्हणून भरता येतो. हे काम खिडकी उघडी ठेवून करावे, आणि भरलेला भाग घासण्याआधी दोन-तीन दिवस थांबावे, कारण सिमेंट उडून जाताना तो आक्रसतो. सरळ स्प्रूचा एक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीत नव्हे, फिरवत धरला आणि तो चकाकून वाकू लागताच बाजूला घेऊन ओढला, की अँटेनाची तार तयार होते. झटकन ओढल्यास केसाएवढी बारीक, सावकाश ओढल्यास जाड. याउपर उरलेले स्प्रू द्यावेत टाकून. साच्यात अर्धवट भरलेले आणि वाकलेले भागही टाकावेत. ते नीट करण्याचा दिवस माझ्या आयुष्यात तरी उगवलेला नाही.

बिनचाकी_विमान

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री चार खोके उतरवले. पुढचे चाक अजून सापडलेले नाही. मात्र एका रणगाड्याच्या खोक्यात पट्टे आणि जास्तीची चाके एकाच पिशवीत आठ वर्षे पडून होती, आणि पट्टा जिथे टेकला होता तिथे सहापैकी चार चाकांच्या कडा चिकट होऊन खचल्या आहेत. बोट लावले तर ठसा उमटतो. यांचे काही होऊ शकते काय?

जुना_डबा

पट्टे आजच वेगळे करा आणि चाके महिनाभर उघड्यावर ठेवा. चिकटपणा गेला, तर पुट्टी भरून घासता येतील. नाही गेला, तर खचलेली बाजू खाली करून ती मुख्य चाकामागे अर्धी लपेल अशी बसवा आणि खालच्या भागाला चिखल जरा सढळ हाताने लावा.