सीडी दिली, मराठी राहिली

नेट नसलेल्यांना उबुंटूच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीच्या) सीड्या वाटण्याबद्दल लोक म्हणतात, तबकडीवर ओरखडे पडतात, सहा महिन्यांत आवृत्ती शिळी होते, त्यापेक्षा शाळेच्या लॅबमध्येच बसवा. पहिल्या दोन गोष्टी मान्य. पण आमच्या कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात घोडं अडलं ते भाषेपाशी. उबुंटूची ती जुनी सीडी ७०० एमबीची. तेवढ्यात मोजक्याच भाषा बसायच्या. मराठी मेनू हवे तर भाषेचं पॅकेज नेटवरून उतरवायचं. म्हणजे नेट नाही म्हणून ज्याला सीडी द्यायची, त्यालाच पुन्हा नेट शोध म्हणायचं! मी मराठी शाळेतल्या नववीच्या पोरांना पंधरा-वीस सीड्या वाटल्या होत्या. महिन्याभराने विचारलं, तर एकजण म्हणाला, "घातली की सर, पण विंडोजच येतंय." बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, सीडीचा नंबर आधी लावावा लागतो, हे कागदावर लिहून द्यायला मीच विसरलो होतो. दुसऱ्याची सीडी पाखरं हाकलायला जोंधळ्यात टांगलेली. चकाकत मात्र छान होती.

'शाळेच्या लॅबमध्येच बसवा' हा सल्ला इथे तितका सोपा नव्हता. वरच्या ऑफिसला जाणारे कागद कन्नडात, त्याला नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर लागायचं आणि ते विंडोजवर चालायचं. त्यामुळे हेडमास्तर विंडोज पुसू देईनात, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शेवटी माझ्या मशीनवर उतरलेल्या मराठीच्या डेब फायली (उबुंटूत पॅकेज बसवायच्या फायली) पेनड्राइव्हवर घेतल्या आणि सायकलवरून चार घरी जाऊन स्वतः बसवून दिल्या. ती चार मशीनं चालली.