सायलोखाली इंजिन अडकतंय, मदत हवी

खडखडाट:
मॉडेल रेल्वेवर सिमेंट कारखान्याचा लेआउट दीड महिना बांधतोय. सगळं झालं आणि आता इंजिन सायलोखाली (सिमेंटच्या उंच कोठाराखाली) अडकतंय. गाडी आत जाते, बाहेर येत नाही. रूळ तपासले, सांधे (रूळ बदलायच्या जागा) तपासले, सगळं ठीक आहे. काय करू? रविवारी मित्र बघायला येणार आहेत, तेव्हा जरा लवकर सांगा.

सांधेवाला:
स्केल कोणतं? जागा किती? रुळांचं रेखाटन टाका. आणि 'अडकतंय' म्हणजे नक्की काय? घासतं, घसरतं की बंद पडतं?

डिकोडर:
बंदच पडत असणार. सायलोच्या आत हात पोचत नाही, म्हणून तिथला रूळ पुसायचा राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पुसून घ्या. डीसीसी (इंजिनांचं डिजिटल नियंत्रण) असेल तर इंजिनात 'कीप अलाइव्ह' कपॅसिटर (क्षणभर वीज तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा) बसवाच. मी तीन इंजिनांना बसवले, तेव्हापासून सांध्यांवर एकही थांबलेलं नाही.

खडखडाट:
रूळ स्वच्छ आहेत. इंजिन चालतंय. स्केल एचओ (१:८७) आहे. पुढे इंजिन, मागे सहा वॅगन अशी गाडी आत घेतली की इंजिन बफरपाशी (रूळ संपतो तिथे) आणि वॅगन त्याच्या मागे. मग इंजिन बाहेर कसं काढायचं? हाताने उचलावं लागतं.

सांधेवाला:
अहो, मग हे पहिल्याच ओळीत लिहायचं! इंजिन कोंडलं जातंय. लूप (इंजिनाने गाडीला वळसा घालायचा बाजूचा मार्ग) आहे का? साइडिंग (सायलोखालचा बाजूचा रूळ) किती लांब? सायलो बफरपासून किती अंतरावर?

रंगाचा_डबा:
सायलोवर सिमेंटची धूळ दाखवताना नुसता पांढरा रंग वापरू नका. सिमेंट करडं असतं, त्यात किंचित हिरवट झाक असते. वॅगनच्या छपरावर, झाकणाभोवती पावसाने ओघळून घट्ट झालेले थर दाखवा. बारीक पूड ओल्या रंगावर चाळली की हुबेहूब दिसतं.

खडखडाट:
धन्यवाद, पण रंगाचं नंतर बघतो. साइडिंग १ मीटर, सायलो बफरपासून २५ सेंमीवर. वॅगन ११ सेंमीची एक. लूप आहे, ५० सेंमीचा.

मालडबा:
सहा वॅगनची गाडी ही मालगाडीच नव्हे. आपल्याकडे बीसीएनएचएलचा (बंद वाघिणींचा एक प्रकार) रेक, म्हणजे पूर्ण गाडी, ५८ वाघिणींचा असतो. एक वाघीण १०.९६ मीटर, म्हणजे एचओमध्ये साडेबारा सेंमी. पूर्ण रेक सव्वासात मीटर झाला! तेवढी जागा नसेल तर एन स्केलला (एचओपेक्षा लहान) जा.

भट्टी_१४५०:
मालडबा, त्यांनी स्केल बदलायचा सल्ला मागितलेला नाही. शिवाय बीसीएनएचएलमध्ये गोण्या भरतात, सायलोखाली सुट्टं सिमेंट भरतात. दोन्ही वेगळ्या जागा, वेगळ्या वॅगन. इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा होप कारखाना बघा. १९२९ पासून चालू आहे. कारखान्याची स्वतःची इंजिनं मुख्य मार्गालगतच्या अर्ल्स साइडिंग्जपर्यंत वॅगन आणून सोडतात, पुढे मेन लाइनचं इंजिन नेतं. खडखडाट, तुमच्याकडे शंटिंगचं छोटं इंजिन आहे का? आणि वॅगन कोणत्या?

खडखडाट:
छोटं डिझेल आहे, शोकेसमध्ये ठेवलंय. वॅगन अमेरिकन कव्हर्ड हॉपर (वरून भरायच्या, तळातून रिकाम्या करायच्या बंद वॅगन), दोन-बे, म्हणजे तळाला दोन कप्पे. चार-बेच्या लांब पण आहेत, त्या चालतील का?

मालडबा:
चालतील, हॉपर तो हॉपर.

भट्टी_१४५०:
नाही चालणार. लांब हॉपर धान्यासारख्या हलक्या मालाचे. गव्हाचं घनमीटर पाऊण टनाच्या आसपास भरतं, सिमेंटचं त्याच्या जवळपास दुप्पट. धान्याचा हॉपर सिमेंटने अर्धा भरला तरी वजनाची मर्यादा गाठतो. म्हणून तर सिमेंटच्या वॅगन आखूड. लांब वॅगन तिथे उभ्या केल्या तर जाणकाराच्या डोळ्यांत लगेच खुपतील.

सांधेवाला:
आता मूळ प्रश्न. सायलोची तोटी (सिमेंट वॅगनमध्ये सोडणारं नळकांडं) एका जागी पक्की असते, वॅगन एकेक करून तिच्याखाली सरकवतात. म्हणजे शेवटची वॅगन तोटीखाली येईल तेव्हा आधीच्या पाच वॅगनना पलीकडे जागा हवी. सहा गुणिले अकरा म्हणजे ६६ सेंमीची रांग, शेवटचीचा मध्य बफरपासून साठ सेंमीवर. तुमची तोटी २५ वर आहे, पलीकडे एकच वॅगन मावते. म्हणजे इंजिन कोंडलं नसतं तरी भरणं जमलं नसतंच. तोटी ६० ते ६५ वर आणा आणि गाडी ओढत नेऊ नका, ढकलत न्या. शेवटपर्यंत इंजिन तोटीच्या अलीकडेच राहील, मग ओढून बाहेर.

खडखडाट:
सायलो प्लास्टरमध्ये पक्का बसवलाय. तोडणार नाही.

भट्टी_१४५०:
तोडू नका. सिमेंट हवेच्या जोरावर नळीतून नेतात. सायलो आहे तिथेच राहू दे, तिथून ४० सेंमीचा नळ्यांचा पूल काढा आणि रुळावर फक्त तोटी आणि पत्र्याची शेड उभी करा. खऱ्या मापात ते ३५ मीटर होतात, अगदी शोभेल.

सांधेवाला:
हे उत्तम. बाहेर मेन लाइनचं इंजिन गाडी सोडून सांध्यावरून निघून जाईल, छोटं डिझेल शेपटाला लागून आत ढकलेल. मग ५० सेंमीच्या लूपवर सहा वॅगनना वळसा घालायची गरजच नाही. पण सांध्याबाहेर सहा वॅगन अधिक डिझेल एवढा सरळ मार्ग आहे ना? ८५ सेंमी तरी हवा.

खडखडाट:
९० आहे.

डिकोडर:
मग छोट्या डिझेललाही कपॅसिटर बसवा. आखूड इंजिनची चाकं सांध्यावर हमखास विजेचा संपर्क सोडतात.

खडखडाट:
हे पटलं, बसवतो. कोळसा आणि जिप्समही त्याच साइडिंगवर आणणार होतो.

भट्टी_१४५०:
आणू नका. कोरड्या मालाच्या तोटीखाली कोळशाची वॅगन बरी दिसत नाही, भरणंही थांबतं. पण प्रमाण लक्षात ठेवा: जिप्सम सिमेंटच्या ३ ते ५ टक्के, कोळसा टनामागे साधारण सव्वाशे किलो. वीस वॅगन सिमेंट बाहेर गेलं तर दोन-तीन वॅगन कोळसा आणि एकच वॅगन जिप्सम आत यायला हवं. चुनखडी टनाला दीड टन लागते, पण ती खाणीतून पट्ट्यावरून येते असं दाखवलं की रूळ वाचले. लूपची एक बाजू कोळशाला द्या. तीन वॅगन सहज मावतात, तेवढ्याच लागतात.

मालडबा:
क्लिंकर (भट्टीतून निघालेले, न दळलेले खडे)? काही कारखाने दळतच नाहीत, क्लिंकरच पाठवतात. उघड्या वॅगनमध्ये.

भट्टी_१४५०:
बरोबर. पण त्याला चौथा मार्ग लागेल, आणि जागा १ मीटर आहे.

खडखडाट:
पुठ्ठ्याची तोटी ६३ वर उभी करून डिझेलने सहा वॅगन ढकलल्या. शेवटची बरोबर खाली आली, इंजिन बाहेर. एकदाही हात लावला नाही! नळ्यांना प्लास्टिकचे रॉड आहेत, ३ मिमीचे. बारीक पडतील का?

रंगाचा_डबा:
३ मिमी म्हणजे खऱ्या मापात २६ सेंमी. छान दिसतील. करडाच द्या, पण नळ्यांच्या जोडांच्या पट्ट्या जरा गडद.