मदत हवी आहे: झेडपी शाळेचं अनुदान एकदम इतकं कमी कसं?

बांधावरचा: शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालोय (कुणीच तयार होईना म्हणून). मागं 25 हजार आले होते, यंदा 10 हजारच. लाइटबिल थकलंय, तिसरीच्या पोरांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत, वर निपुणची (पोरांना वाचन-गणित येतं का ते बघायची सरकारी मोहीम) तपासणी. तक्रार कुणाकडे करू? सोमवारी बैठक आहे, लवकर सांगा.

खडू_फळा: पट किती?

बांधावरचा: चौथीपर्यंत आहे. शिक्षक दोन.

खडू_फळा: पट विचारला हो.

बांधावरचा: 29. आधी 33 होता.

खडू_फळा: मग तक्रार कसली करता? समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. 30 पर्यंत 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार. त्यातलेही 10 टक्के स्वच्छतेला.

माळरान: म्हणजे चार पोरं गेली की 15 हजार गेले. खोल्या तेवढ्याच, गळणारे पत्रेही तेवढेच. लहान शाळा बंद पाडायचे धंदे आहेत हे.

पुणेकर७७: सेमी इंग्रजी सुरू करा, पट आपोआप वाढेल. आमच्या मावशीच्या गावात वाढला.

माळरान: दोन मास्तर, चार वर्ग. शिकवणार कोण, मावशी?

खडू_फळा: भांडा नंतर. चार पोरं गेली कुठं?

बांधावरचा: दोन आजोळी, दोन आईबापाबरोबर ऊसतोडीला. सर म्हणाले हजर नाहीत तर नाव कसं ठेवू.

खडू_फळा: हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! तोडीची पोरं पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतात, त्यांची नावं काढतात होय? बैठकीत सरांना विचारा आणि नावं पुन्हा घ्यायला लावा. यू-डायसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) दिसली पाहिजेत, आधार जुळतंय का तेही बघा. पुढच्या हंगामासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव द्या, म्हणजे पोरं गावातच राहतील. 29 अधिक 2 किती, तेवढं तिसरीच्या पोरांनाही येईल.

बांधावरचा: 31! पण यंदाचे पैसे?

खडू_फळा: यंदाचे गेले समजा. लाइटबिलासाठी ग्रामसेवकाला गाठा, पंचायतीच्या आराखड्यात शाळा घालता येते.

माळरान: ग्रामसेवक सापडला तर आम्हालाही कळवा.

डिजिटल_दादा: धागा पूर्ण वाचला नाही, पण आमचा ग्रुप शाळांना प्रोजेक्टर देतो. पत्ता पाठवा.

बांधावरचा: दादा, वीज तोडलीय.

डिजिटल_दादा: मग टॅब?