पाठीवर पाडणारा हरला, बाहेर रेटणारा जिंकला. पटते का?

मातीतला गडी
पोळ्याच्या करीला अचलपूरकडच्या आमच्या गावी कुस्त्यांची आम दंगल झाली. यंदा पहिल्यांदाच भाड्याच्या मॅटवर अन् गुणांवर. शेवटच्या जोडीत आमच्या पोराने अशी ढाक लावली, की समोरचा कमरेवरून उलटा होऊन सरळ पाठीवर. डफडेवाला वाजवायचं विसरला. गुण किती? 4! दुसऱ्याने दोनदा मागे जाऊन ताबा घेतला, 2 अन् 2. संपता संपता रिंगणाबाहेर रेटलं, 1. निकाल 5-4. ढकलाढकलीलाच इनाम द्यायचं तर रेडे सोडा की मैदानात.

शिट्टी
मी पंचगिरी करतो, तिथे नव्हतो. पूर्ण उचलून, मोठ्या झोक्याने हवेतून नेऊन थेट पाठीवर आणला तर 5. तुमच्या पोराचे 4 बरोबरच आहेत. तो शेवटचा 1 दिला नसता तर 4-4 झाले असते, अन् बरोबरीत ज्याचा डाव मोठ्या गुणाचा तोच जिंकतो. म्हणजे नियम तुमच्याच ढाकेच्या बाजूचा होता!
व्हिडिओ पाहिला मी. पाडल्यावर पोरगा दाबायचं सोडून लोकांकडे पाहतो. खांदे टेकवले असते तर गुण मोजतो कोण? टोकियो ऑलिंपिकात आपला पैलवान रवी दहिया 2-9 मागे पडला होता, तरी चीत करून अंतिम फेरीत गेला.

मातीतला गडी
गुणांचं कौतुक राहू द्या. जानेवारी 2023 मध्ये पुण्याला महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख-महेंद्र गायकवाड कुस्ती झाली. बाहेरची टांग या डावाचे 4 गुण बरोबर की चूक, यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. मातीत पाठ लागली की विषय संपला.

वऱ्हाडी ठेचा
कायचा संपला भाऊ! पाठीले माती लागली का नाई, यावरूनच आमच्या गावात डोस्के फुटले. अन् त्या बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्या इसरला काय? अर्धा घंटा एकमेकाच्या मानेवर हात ठेवून उभे, मंग पंच दोघाईचे हात वर करते, इनाम अर्धं-अर्धं. बाहेर गेल्याचा 1 गुण जाते म्हणून तरी पळणारा मधात येते.

वस्तादाची लेक
गुणांचं तुम्ही पाहा, मला त्या मॅटची काळजी. दोन तुकडे जोडले होते ना? व्हिडिओत जोडावर फट दिसते, अन् समोरच्याचं डोकं तिथून वीतभर लांब पडलं. खणलेली माती अंग झेलते, झिजलेली मॅट नाही. आमच्या तालमीत पोरी आधी हनुवटी छातीला लावून पडायला शिकतात, मग उचलायला. दंगलीत टाळ्यांसाठी कोणीही कोणालाही उचलतो.

मातीतला गडी
ताई, फटीचं खरं आहे. दाबायचं राहिलं हेही मान्य. पण पुढच्या साली माती म्हणजे मातीच.

वऱ्हाडी ठेचा
ते होत राहीन. यंदाच्या मॅटचं भाडं कोणं देल्लं ते सांग पहिले.