फिट थांबत नाहीत, मॅग्नेटचे वीस सेशन घ्यावेत का?

कराडकर: लेक २२ वर्षांची. तेराव्या वर्षापासून फिट येतात. पडत नाही, फेसही येत नाही. पोटातून काहीतरी वर चढतंय म्हणते, मग नजर थिजते, ओठ चघळल्यासारखे हलतात, उजवा हात आखडतो आणि डाव्याने ओढणीचं टोक चुरगाळत बसते. दीड मिनिटाने विचारते, "परत आली का?" लेव्हेटिरॅसिटम, ऑक्सकार्बाझेपिन, क्लोबाझाम, सगळं झालं, महिन्याला चार-पाच ठरलेल्या. एमआरआयवर 'लेफ्ट मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस' लिहिलंय, म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूला आत व्रण. एका सेंटरने डोक्याला मॅग्नेट लावायचे वीस सेशन सांगितलेत, साठ हजार. चिरफाड नाही, साइड इफेक्ट नाही म्हणे. बायकोने पाटल्या काढून ठेवल्यात.

ईईजीवाली ताई: दादा, आधी पाटल्या कपाटात ठेवा. मी डॉक्टर नाही, बारा वर्षं ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख काढायच्या तारा डोक्याला चिकटवते. मॅग्नेट थोतांड नाही. आठाच्या आकड्यासारखी कॉइल डोक्याला टेकवतात, टकटक वाजते. फिटसाठी सेकंदाला एक किंवा त्याहून संथ ठोके, म्हणजे तापलेला भाग निवावा. पण त्या कॉइलचा जोर दोन-तीन सेंटीमीटर आतच संपतो. लेकीचा दोष हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी साठवणाऱ्या भागात, चांगला खोल. आणि साइड इफेक्ट नाही कसा? क्वचित त्यानेच फिट येते.

नानाचा भाऊ: आमच्या नानाने घेतले. पंधरा दिवस बरं, मग ये रे माझ्या मागल्या.

कराडकर: मग कुणालाच गुण येत नाही?

ईईजीवाली ताई: येतो. २००६ मध्ये ब्राझीलमधल्या २१ जणांच्या चाचणीत फिट कमी झाल्या, पण त्यांचा दोष मेंदूच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरात होता. २००७ ला इटलीत ४३ जणांवर केलं, तिथे काहींचा ईईजी सुधारला, फिट मात्र होत्या तशाच. माझ्या टेबलावरून उठणाऱ्याला कागद सुधारून काय करायचंय? दोन औषधं नीट घेऊन फिट थांबल्या नाहीत की ऑपरेशनची तपासणी करून घ्यायची असते, आणि तुमच्या एमआरआयवर तर जागाच दिसतेय. २००१ च्या कॅनडातल्या चाचणीत ऑपरेशनच्या गटात वर्षभरात ५८ टक्क्यांच्या शुद्ध हरपणाऱ्या फिट थांबल्या, नुसत्या गोळ्यांवर ८ टक्क्यांच्या. डावी बाजू आहे, बहुतेकांची भाषा तिथेच असते, तेव्हा भाषेची आणि स्मरणशक्तीची तपासणी झाल्याशिवाय होकार देऊ नका. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा या सरकारी संस्थेच्या हॉस्पिटलमध्ये १९९५ पासून ही ऑपरेशनं होतात.

कराडकर: नऊ वर्षांत ऑपरेशनचं कुणी बोललंच नाही. व्हिडिओ ईईजीची, म्हणजे फिट येताना चित्रण आणि आलेख एकत्र घेण्याच्या तपासणीची तारीख घेतली. पाटल्या मात्र हिने घातल्या नाहीत. म्हणते, ऑपरेशन काय फुकट होणार आहे?