आजोबांची गाठ

एका ताईंनी आपल्या वडिलांबद्दल लिहिलंय, की नोकरी, घर आणि देवळातली सेवा त्यांनी एका हाताने सांभाळली. वाचताना डोळे भरून आले. आमचे आजोबा असेच. कोकणातून लालबागला आले, कापड गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात लागले. तुटलेल्या धाग्याला गाठ मारताना त्यांची बोटं दिसायचीच नाहीत, असं आजी सांगायची.

तीच बोटं चाळीत कुणी गेलं की तिरडीची सुतळी बांधायची. रात्री दोन वाजताही दार वाजलं की सदरा चढवून निघायचे, जात-पात विचारली नाही. (परत आल्यावर आजी दारातच पाण्याची बादली ठेवायची.)

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमच्या घरात तेव्हा एक वेळ पेज असायची. तरीही आषाढीला पहाटे वडाळ्याच्या विठोबाच्या रांगेत आजोबा उभे, गळ्यात टाळ. मागितलं काय, विचारलं तर म्हणाले, "मागायला नाय गेलो, भेटायला गेलो."

तो टाळ माझ्याकडे आहे. दोरी अजून त्यांनीच बांधलेली.